गाणं कुणाच्या नावावर?

आत्ता माझी ओळख करून देताना 'इंडी सिंगर-साँगरायटर' असं म्हटलं गेलं. माझ्या मावशीने हे ऐकलं असतं तर तिने लगेच विचारलं असतं, "ते सगळं ठीक, पण नक्की करतेस काय?" म्हणून आधी तेच सांगते. मी गाणी लिहिते, त्यांना चाल लावते, गिटार घेऊन स्वतः गाते, आणि कुठल्याही म्युझिक कंपनीशिवाय ती लोकांपर्यंत पोचवते. 'इंडी' हे 'इंडियन'चं छोटं रूप नाही, 'इंडिपेंडंट'चं आहे. राहते बडोद्याला, गाते मराठीत, आणि सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते संध्याकाळी सात एका सीएच्या ऑफिसात इतरांचे हिशेब बघते. वय सव्वीस.

मला विषय दिलाय 'सुरुवातीची वर्षं'. हे एका परीने बरंच झालं, कारण माझ्याकडे दुसरी वर्षं अजून आलेलीच नाहीत. २०२१ पासून मोजलं तर चार होतात. मोठे कलाकार आपल्या सुरुवातीबद्दल बोलतात तेव्हा ती पंचवीस वर्षांवरून दिसणारी सुरुवात असते, सगळे कोपरे घासून गुळगुळीत झालेले असतात. माझ्याकडे वही आहे. ऑफिसची सवय. गाण्यासाठी आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया तिच्यात आहे. त्यामुळे आज थोडं गाण्याबद्दल आणि बरंचसं कागदाबद्दल बोलणार आहे. कंटाळा आला तर सांगा.

बडोदं म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या लोकांना थोडं समजवावं लागतं. इथे येऊन "अरे, तुम्ही मराठी बोलता!" असं म्हणणारे पाहुणे आम्हाला दर वर्षी भेटतात. गायकवाडांच्या राज्यापासून मराठी घरं इथे आहेत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अजूनही मराठी ऐकू येते. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत, नृत्य, नाट्याची फॅकल्टी आहे. फैय्याज खाँसाहेब इथे दरबार गायक होते. आणि आमची सेव-उसळ खाल्लीत तर मिसळीची चुलत बहीण भेटल्यासारखं वाटेल तुम्हाला. पण आमची मराठी पुण्याच्या कानाला जरा वेगळी लागते. मधेच गुजराती शब्द येतो, वाक्याचा हेल गुजरातीकडे झुकतो. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर एका काकूंनी मला प्रेमाने सांगितलं, "बाळ, तुझं मराठी छान आहे, फक्त जरा शुद्ध कर." त्या गेल्यावर मी विचार करत राहिले, की आजी ज्या भाषेत मला रागावली, तिचं शुद्धीकरण करायचं म्हणजे आजीचंच करावं लागेल.

माझं पहिलं खरं गाणं आजीचंच आहे. 'सुट्टे' त्याचं नाव. आजी खंडेराव मार्केटात भाजी घ्यायची, भाव करायची तो अस्सल गुजरातीत. भाजीवाल्याला वाटायचं ही इथलीच. ती होतीच इथली, म्हणा. पण उरलेले पैसे तळहातावर घेतले की ओठ मराठीत हलायचे. पाच, दहा, बारा, साडेबारा. सत्तर वर्षं गुजरातेत काढली, पण मोजदाद आपल्या भाषेत. तिथून ओळ आली:

सौदा केला त्यांच्या बोलीत,
सुट्टे मोजले आपल्या.

हे गाणं मी अलकापुरीतल्या एका कॅफेत ओपन माईकला पहिल्यांदा म्हटलं. ओपन माईक म्हणजे नाव नोंदवायचं, दहा मिनिटं मिळतात, दोन गाणी होतात. अकरा माणसं होती. त्यातली चार आपापली पाळी यायची वाट बघणारे गायक. ती मनापासून टाळ्या वाजवतात, कारण त्यांनाही त्या परत हव्या असतात. उरलेल्या सातांपैकी दोघं कॉफीसाठी आलेली, त्यांना कार्यक्रम आहे हेच माहीत नव्हतं. आणि गाण्यातल्या सगळ्यात हळू ओळीवर कॉफीच्या मशीनने वाफ सोडली. फुर्रर्र. आजी संपली.

कॅफेमध्ये गाणाऱ्या प्रत्येकाला ही वाफ भेटते. तिच्याशी भांडून उपयोग नसतो, तो त्यांचा धंदा आहे. मी तीनचार कार्यक्रम नीट बघितलं. लोक बोलत असतात, गायक गिटार छेडायला लागतो, लोक त्या गिटारवर आणखी थोडं मोठ्याने बोलतात. गिटारचा तो सुरुवातीचा तुकडा त्यांना मागच्या गाण्यांसारखाच वाटतो, दुकानात लावलेल्या रेडिओसारखा. पण कुणी नुसत्या आवाजात, साथीशिवाय एक ओळ म्हटली तर माना वळतात. माणूस बोलतोय की गातोय हे कळायला अर्धा क्षण लागतो आणि तेवढा अर्धा क्षण आपला असतो. तेव्हापासून 'सुट्टे' मी गिटारशिवाय सुरू करते. पहिल्या दोन ओळी नुसत्या, मग हळूच तार. रेकॉर्डिंगमध्येही तसंच ठेवलं. अनेकांनी नंतर त्याला 'धाडसी सुरुवात' म्हटलं. ते कॉफीच्या मशीनमुळे आहे.

वहीत पहिल्या वर्षीच्या जमेच्या बाजूला कॅफेचं नाव फारसं दिसत नाही. जेवण मिळायचं, कधी रिक्षाभाडं. जमा आहे ती नवरात्रीची. बडोद्याचा गरबा तुम्ही ऐकून असाल. आमच्याकडे मैदानात गोल फिरणारी हजारो माणसं असतात, मधोमध मंचावर गायक, वादक आणि मागे कोरस. त्या कोरसमध्ये उभी राहणारी मी. नऊ रात्री, तीनचार तास, मधे जेमतेम एक विश्रांती. सुरुवात संथ, मग लय चढत चढत जाते, आणि एकदा चढली की खाली आणता येत नाही, कारण खाली हजारो पाय फिरत असतात. त्या नऊ रात्रींत मला जे मानधन मिळायचं, ते वर्षभराच्या ऑनलाइन कमाईच्या कित्येक पट होतं. माझ्या काही मित्रमैत्रिणींना हे खटकायचं. "तू स्वतःची गाणी लिहिणारी, आणि गरब्याच्या कोरसमध्ये?" मला त्यात काहीच खटकलं नाही. गळा तयार होत होता, माईकवरचं काम कळत होतं, आणि पैसे वेळेवर मिळत होते. दुकानांच्या जाहिरातींची जिंगल केली, लहान मुलांना गिटार शिकवली, लग्नात संगीतच्या दिवशी गायले. तेही सगळं वहीत आहे, आणि मी ते झाकून ठेवत नाही. या वह्या लोक दाखवत नाहीत म्हणून नव्या मुलांना वाटतं की सगळे फक्त स्वतःच्या गाण्यांवर जगतायत.

रेकॉर्डिंग घरी केलं. कारेलीबागेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आईचं साड्यांचं कपाट उघडायचं, त्याच्याकडे तोंड करून माईक लावायचा, पाठीमागे दोन गोधड्या टांगायच्या. कपडे आवाज शोषतात, खोलीचा घुमारा जातो. मे महिन्यात पंखा बंद करून गायचं म्हणजे दोन ओळींनंतर घाम डोळ्यांत. रात्री दोन वाजता सुरू करायचं, कारण त्याआधी कुणाचा तरी टीव्ही चालू असतो आणि पाचनंतर कबुतरं उठतात. बडोदं मोठं जंक्शन, त्यामुळे गाडीची शिटी मात्र कुठल्याही वेळी. 'सुट्टे'च्या शेवटी एक लांबची शिटी आहे, तशीच ठेवली आहे. मिक्सिंग मात्र बाहेरून पैसे देऊन करून घेतलं, ते काम घरच्या हेडफोनवर होत नाही. एक गोष्ट इथे जाता जाता सांगते, कारण यावर मुलं उगाच भांडतात. गाणं जितकं कर्कश मोठं करून द्याल तितकं उठून दिसेल असं वाटतं. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी वाजवताना त्यांचा मोठेपणा साधारण एका पातळीवर आणतात. तुम्ही दाबून मोठं केलेलं ते परत लहान करतात, आणि दाबल्यामुळे गेलेली नजाकत मात्र परत येत नाही.

आता कागद.

कपाटासमोर रात्री दोन वाजता मी एकटी बसलेली असायचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिथे चार माणसं होती. शब्द लिहिणारी एक, चाल लावणारी दुसरी, गाणारी तिसरी, आणि खर्च करून रेकॉर्डिंग करणारी निर्माती चौथी. प्रत्येकीचा हक्क वेगळा. शब्द आणि चाल यांवरचा कॉपीराइट माझ्या आयुष्यभर आणि नंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगवरचा, ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तो मिळवायला नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन अस्तित्वात आलं की हक्क येतो. सिनेमाच्या गाण्यात या चारी खुर्च्यांवर वेगवेगळी माणसं बसतात, म्हणून भांडणं दिसतात. आमच्यासारख्यांच्या बाबतीत चौघी एकाच शरीरात असतात, म्हणून आपल्याला वाटतं की हक्क वगैरे काही नाहीच, नुसतं गाणं आहे. मग कुणी एका सहीत चौघींना घेऊन जातं आणि घरी आल्यावर कळतं की एकही उरली नाही.

पैसे कुठून येतात तेही थोडक्यात सांगते. ऐकण्याच्या सेवांवर गाणं थेट टाकता येत नाही, मधे वितरक लागतो. काही वर्षाची फी घेतात, काही टक्के घेतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तो त्या गाण्याचा आधार क्रमांक समजा. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच 'ऐकलं' धरतात. २०२४ पासून तिथे असा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. आणि 'एका ऐकण्याला इतके पैसे' असा ठरलेला दर नसतो. एकूण जमलेल्या रकमेत तुमच्या ऐकण्याचा जितका वाटा, तितकं. याशिवाय शब्दांचे आणि चालीचे पैसे वेगळे असतात. ते गोळा करून गीतकार-संगीतकारांना देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सभासद व्हावं लागतं, गाण्यांची नोंद करावी लागते. मला ओळखणाऱ्या दहा नव्या गायकांपैकी कितीजण सभासद आहेत असं विचारलं तर हात खाली बघायला लागतात. तुमच्यातही कुणी लिहीत असेल तर या आठवड्यात फॉर्म बघा.

घरी प्रश्न होता तो वेगळाच. आईचा प्रश्न: "किती वर्षं?" म्हणजे हे आणखी किती वर्षं असं चालणार. प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी प्रतीक कुहाडचा तक्ता केला. प्रतीक तुम्हाला माहीत असेल, हिंदी आणि इंग्रजीत लिहितो, गिटारवर हळू आवाजात गातो. त्याची गोष्ट लोक नेहमी एकाच ठिकाणापासून सुरू करतात: डिसेंबर २०१९ मध्ये बराक ओबामांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांची यादी दिली आणि तिच्यात याचं 'कोल्ड/मेस' होतं. की झाला एका रात्रीत मोठा. मी ती गोष्ट मागून पुढे लिहिली, खातेवहीसारखी. जयपूरचा मुलगा. न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला. पहिला छोटा संग्रह २०११ साली. मग भारतात परत, दिल्लीत. 'रात राज़ी' २०१३, हिंदी. पहिला पूर्ण अल्बम 'इन टोकन्स अँड चार्म्स' २०१५, तो इंग्रजी. 'बार बार देखो' या सिनेमात जसलीन रॉयलबरोबरचं गाणं २०१६. 'कोल्ड/मेस' २०१८. आणि मग ती यादी. पहिल्या संग्रहापासून आठ वर्षं. सिनेमाचं गाणं आलं तेव्हाही पाच वर्षं झालेली होती आणि स्वतःचा अल्बम आधी आलेला होता.

आईने तक्ता वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आठ." मी म्हटलं, नाही गं, आठ ही हमी नाही, आठ हे त्याचं. शिवाय न्यूयॉर्कची पदवी हाताशी असणं आणि बडोद्याचं बी.कॉम. हाताशी असणं यात फरक आहे, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट त्या तक्त्यात मला फार कामाची वाटली. पाहिजे तेव्हा हिंदी, पाहिजे तेव्हा इंग्रजी, पाहिजे तितकं हळू. कुणी त्याला सांगत नव्हतं की आता ढोल घाल. सुरुवातीच्या वर्षांत ऐकणारे कमी असतात, तसेच सांगणारेही कमी असतात. हा त्या वर्षांचा एकमेव खरा फायदा आहे आणि तोच आपण सगळ्यात आधी विकायला काढतो.

बाबांना हा तक्ता पटला नाही. त्यांना पटले अरुण दाते. अरुण दाते मूळ इंदूरचे, म्हणजे आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे, आणि कापड उद्योगात इंजिनिअर म्हणून अनेक वर्षं नोकरी करून गायले. बाबा म्हणाले, "बघ, नोकरी करून होतं." मी म्हटलं, बाबा, मीही नोकरीच करतेय. ते गप्प बसले. पण दाते लिहीत नव्हते, चाल लावत नव्हते. लिहिणं, चाल आणि गळा एकाचाच, हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं आमच्या एका नातेवाइकांचं मत होतं. त्यांना मी वामनदादा कर्डकांचं नाव सांगितलं. गावोगाव फिरून स्वतःची गाणी स्वतः गाणारा माणूस, हजारो गाणी. गजानन वाटव्यांनी कवींच्या कविता घेतल्या, पण चाली स्वतःच्या आणि गळा स्वतःचा. आणि संदीप खरे तर आमच्या पिढीला पाठच असतो. गिटार परदेशी असेल, धंदा जुनाच आहे.

तिसऱ्या वर्षी 'सुट्टे' थोडं चाललं. फार नाही. पण कलाकाराला एक पान दिसतं, कुठल्या शहरात किती ऐकलं गेलं त्याचं. वर पुणे, मुंबई होतीच. खाली इंदूर, बेंगळुरू, हैदराबाद. म्हणजे आपल्यासारखीच, घराबाहेर दुसरी भाषा बोलणारी माणसं. आणि त्याच सुमारास एका म्युझिक कंपनीचा फोन आला. नाव सांगत नाही, सांगण्यात काही हशील नाही, असे कागद अनेकांकडे असतात.

फोनवरचे गृहस्थ अतिशय गोड बोलत होते. "मॅडम, गाणं सुंदर आहे. आजी टच होते. फक्त मार्केट हिंदीत आहे. आजीची दादी केली की देशभर जाईल." मी विचारलं, आणि सुट्टे मराठीत मोजण्याचं काय? ते म्हणाले, "ते काढून टाकू." म्हणजे गाण्यात जे होतं तेच काढून टाकायचं. चाळीस हजार रुपये, एकरकमी. करार सात पानी.

चाळीस हजार ही रक्कम मंचावरून ऐकायला छोटी वाटेल. माझ्या वहीत ती पाच गाण्यांचं मिक्सिंग होती. त्या वर्षी भावाची हॉस्टेलची फी भरायची होती आणि बाबांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालेला. मी तो करार तीन रात्री वाचला. ऑफिसात रोज करारच वाचते, पण आपलं नाव असलेला कागद वेगळाच दिसतो. सगळे हक्क, सगळ्या जगात, कायमचे. आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत. यापुढे लेखिकेला कुठलीही रॉयल्टी देय नाही. आणि पाचव्या पानावर: पुढच्या पाच गाण्यांवर पहिला हक्क कंपनीचा.

ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते इथे सांगते, कारण हे माहीत असायला हवं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा जो समान वाटा मिळायचा असतो, तो कुणाला लिहून देता येत नाही. वारस किंवा हक्क गोळा करणारी नोंदणीकृत संस्था एवढाच अपवाद. करारात तसं लिहिलं तरी ते कलम चालत नाही. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, ते स्पष्ट नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. पण वकील हेही म्हणाले, की रॉयल्टी वाचली तरी मालकी जाते. सही केलीस तर मराठी 'सुट्टे' बाजारातून काढायचं की ठेवायचं हे तू ठरवणार नाहीस.

घरी बाबांना सांगितलं. बाबा मकरपुऱ्यात टर्नर आहेत, बत्तीस वर्षं लेथवर. ते शांतपणे म्हणाले, "मी आजवर किती पार्ट केले असतील? एक तरी माझ्या नावावर आहे? गेटबाहेर गेला की गेला. कुठल्या मशीनमध्ये फिरतोय मला माहीत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पगार झाला, विषय संपला. तू एक गाणं दे, दुसरं लिही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. गाणं म्हणजे काहीतरी पवित्र आणि पार्ट म्हणजे नुसतं लोखंड, असं मी ज्यांच्या ताटात जेवून मोठी झाले त्यांना सांगणार नव्हते. ते जे करतात ते मायक्रॉनमध्ये मोजतात, माझा सूर तेवढा नेमका लागत नाही. मी करार त्यांच्यासमोर ठेवला आणि आत जाऊन ताक केलं. पाचदहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. चष्मा लावून, पेन्सिल हातात घेऊन बसले होते, ड्रॉइंग वाचतात तसे. पाचव्या पानावर पेन्सिलीने गोल केलेला. "हे पुढची पाच गाणी म्हणजे? जी तू अजून केलेली नाहीस ती?" मी म्हटलं, हो. "त्याचे पैसे?" मी म्हटलं, त्यांना हवं असेल तर ते सांगतील तेव्हा ठरेल, नको म्हणाले तरच दुसरीकडे जाता येईल. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "न केलेला पार्ट आमच्याकडूनही कुणी घेतला नाही. ऑर्डर देतात, ॲडव्हान्स देतात, मग घेतात." आणि पेन्सिल खिशाला लावून ते उठले.

मी कंपनीला लिहिलं. 'सुट्टे'ची मालकी माझ्याकडे राहील. तुम्हाला तीन वर्षांसाठी वापरायला देते, तेवढ्याच रकमेत. हिंदी करायचं असेल तर शब्द मी लिहीन आणि मोजणी राहील. पुढच्या गाण्यांचं कलम काढा. त्यांचं एक उत्तर आलं, 'टीमशी बोलून कळवतो'. मी आठवण केली, पुन्हा केली. नंतर काही नाही. भावाची फी बाबांच्या पीएफमधून भरली. ते घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण वहीत मी लिहून ठेवलंय, माझ्या बाजूला, देणं म्हणून. त्या वर्षी नवरात्रीच्या नऊही रात्री गायले, दिवाळीनंतर मिक्सिंगचे पैसे भरले, आणि पाच गाण्यांचा छोटा संग्रह बाहेर आला. मराठीत. देणं दीड वर्षात फेडलं.

कार्यक्रम आता कॅफेपेक्षा घरांत आणि मंडळांत जास्त होतात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीस माणसं जमिनीवर बसतात, मधे माईकही नसतो. गणेशोत्सवात महाराष्ट्राबाहेरची मराठी मंडळं बोलावतात. इंदूरला गेले होते, तिथे पहिल्या रांगेतल्या आजोबांनी तिसऱ्या गाण्यानंतर विचारलं, "दात्यांचं काही येतं का?" इंदूरला दाते येत नाहीत असं सांगणं शक्य नव्हतं. एक म्हटलं. मग आजोबा म्हणाले, "आता तुझं म्हण. ते पैसे मोजायचं." त्यांना ते माहीत होतं. नातीने ऐकवलं होतं म्हणे.

वहीचं सांगायचं तर गाण्यातून येणारं अजून ऑफिसच्या पगाराच्या निम्म्यालाही पोचत नाही. ऑफिस मी सोडलेलं नाही, या मार्चमध्ये तर सोडणारच नाही, रिटर्न्सचे दिवस असतात. दुसरा संग्रह लिहून होत आलाय. त्यात एक गाणं लेथवर आहे. बाबांना अजून ऐकवलं नाही, कारण त्यातलं एक माप बरोबर आहे की नाही ते त्यांनाच विचारावं लागेल.

आता गाते. 'सुट्टे'ला खालची तार एक सूर उतरवून लावावी लागते, त्याला अर्धा मिनिट द्या. आणि तो मागचा पंखा चालू राहू दे, मला सवय आहे.